श्वास मोजणारे गुणे

नगरमध्ये गुणे हे आडनाव निघालं की लोकांना आयुर्वेद महाविद्यालय आठवतं. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांचं नाव त्या संस्थेला आहे. आजचा लेख मात्र दुसऱ्या गुण्यांवर आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं पाळण्यातलं नाव. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणून ते देशाला माहीत झाले. गावोगावच्या शिबिरांत, शाळेच्या मैदानावर आणि टीव्हीवर सकाळी जो योग चालतो, त्याच्या मागे कुठेतरी हा माणूस उभा आहे. शिबिरात जाणाऱ्या बहुतेकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं.

त्यांची आठवण मला दर हिवाळ्यात ओपीडीत येते. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यात हवा बदलते. बाजरीच्या मळणीची धूळ, चाळीतल्या कांद्यावरची काळी बुरशी, तोडणीनंतर पेटवलेलं उसाचं पाचट, रस्त्याच्या कडेनं माजलेलं गाजरगवत आणि पहाटेचा गारठा असं सगळं एकदम येतं. मग सर्दी-शिंका, डोळ्यांची खाज, अंगावर पित्त आणि दमा यांची रांग लागते. या रांगेतला जवळजवळ प्रत्येक रुग्ण आमच्याकडे येण्याआधी कुठेतरी जाऊन आलेला असतो. कुणी काढा घेतलेला असतो, कुणी गोड गोळ्या, कोणी कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेली औषधी खीर. काहींकडे बिनलेबलच्या पुड्या असतात. त्या घेतल्यावर महिन्याभरात दम थांबतो, भूक वाढते आणि चेहरा चंद्रासारखा गोल होतो. असा गोल चेहरा दिसला की पुडीत स्टिरॉइड मिसळलं असावं, ही शंका आम्हाला येतेच.

दोन-तीन वर्षांपूर्वी पहाटे तिशीतला एक शेतकरी आला. वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं, ओठ निळसर पडलेले. लहानपणापासून शिंका, पुढे दमा, पंप नियमित चालू. दोन महिन्यांपूर्वी त्यानं प्राणायामाचं शिबिर केलं, बरं वाटलं, आणि पंप बंद केला. ऑक्सिजन, वाफ आणि शिरेतून औषधं देऊन त्याला सावरलं. तिसऱ्या दिवशी बोलता यायला लागल्यावर त्यानं पहिली गोष्ट ही विचारली, की प्राणायाम खोटा आहे का. त्या वेळी मी त्याला जे सांगितलं ते लोणावळ्याच्या गुण्यांबद्दल होतं. तेच जरा सविस्तर इथं लिहितो.

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तेव्हाच्या बडोदे संस्थानातल्या डभोईला झाला. घर मराठी, परिस्थिती ओढगस्तीची. पण मुलगा संस्कृतात इतका हुशार, की १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यानं जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. ही शिष्यवृत्ती म्हणजे त्या काळी संस्कृत घेणाऱ्या मुलाच्या शिरपेचातला तुरा. बडोद्याच्या कॉलेजात तेव्हा अरविंद घोष शिकवत होते, आणि बाहेर टिळकांच्या राजकारणाचा भर होता. तरुण गुण्यांवर दोन्हींचा परिणाम झाला. त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचं काम करायचं ठरवलं. १९१० मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षांत, १९०७ ते १९१०, ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झाले. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. गुणे योगाकडे आले ते आखाड्यातून. शरीर कसं कमवायचं, कुठे ताणायचं, कुठे थांबायचं, याची जाण त्यांना आधी आली आणि समाधीचं तत्त्वज्ञान नंतर. पुढे त्यांनी खानदेशात अंमळनेरला शिक्षकी केली. शिक्षकाची सवय त्यांच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसते. प्रत्येक गोष्ट पायरीपायरीनं सांगायची आणि कुणी काय करू नये तेही सांगायचं.

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर इथं त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. मूळचे बंगालचे, वयोवृद्ध योगी. त्यांच्याकडे गुण्यांनी आसनं, बंध, क्रिया आणि प्राणायाम शिकून घेतले. इथपर्यंतची गोष्ट शेकडो साधकांच्या चरित्रात सापडेल. गुरू भेटतो, शिष्य शरण जातो, पुढे शिष्याचा आश्रम निघतो. गुण्यांच्या बाबतीत मधे एक वेगळी गोष्ट घडली. शिकलेली विद्या घेऊन ते दवाखान्यात गेले.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या हॉस्पिटलमधल्या प्रयोगशाळेत त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली या क्रियांचे प्रयोग केले. नौलीत पोटाचे उभे स्नायू पुढे काढून फिरवतात, आणि जाणकार साधक त्या वेळी गुदमार्गानं पाणी आत ओढून घेऊ शकतो. परंपरेत याचं स्पष्टीकरण वायूच्या भाषेत दिलं जाई. गुण्यांनी दाब मोजणारं यंत्र लावलं, क्ष-किरणांखाली पोट पाहिलं. पोटाच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब, म्हणजे अंशतः पोकळी तयार होते आणि पाणी त्यामुळे ओढलं जातं, असं त्यांना आढळलं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. गुरुभक्ती आणि दाबमापक एकाच खोलीत नांदू शकतात, हे मला या प्रसंगातलं सगळ्यात आवडतं.

१९२४ च्या दसऱ्याला त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. त्याचे जुने अंक कुणाला चाळायला मिळाले तर जरूर चाळावेत. एका बाजूला आसनांची छायाचित्रं, दुसऱ्या बाजूला क्ष-किरणांचे फोटो आणि आकड्यांचे तक्ते. शीर्षासनात, सर्वांगासनात रक्तदाब किती होतो हे त्यांनी १९२६ च्या सुमारास मोजून छापलं. तेव्हा रक्तदाबाचं यंत्र मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडेच असे. पुढच्याच वर्षी गांधीजींचा रक्तदाब वाढला आणि आसनांविषयी त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. कैवल्यधामाला भेट देणाऱ्यांत मोठमोठी माणसं होती. त्यांची यादी देत बसत नाही, कारण आपल्या विषयाला तिचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो त्यांच्या प्राणायामावरच्या प्रयोगांचा. प्राणायामानं शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, हे वाक्य आजही शिबिरात कुणी ना कुणी म्हणतंच. तेव्हाही म्हणत. १९३० च्या आसपास कुवलयानंदांनी फुप्फुसातून बाहेर पडणारी हवा गोळा करून तिच्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासला. निष्कर्ष समजुतीच्या उलट आला. पूरक, कुंभक, रेचक असा संथ प्राणायाम करताना मिनिटाला श्वासांची संख्या इतकी उतरते, की तेवढ्या वेळात नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन काही शोषला जात नाही. योगाचा प्रचार ज्यांच्या हयातीचं काम होतं, त्यांनी योगाविषयीचं लोकप्रिय विधान स्वतःच खोडलं आणि स्वतःच्याच नियतकालिकात छापलं. प्राणायामाचं मोल त्यांनी दुसरीकडे शोधलं: मज्जासंस्थेवरचा ताबा, छाती-पोटातल्या दाबाचे बदल, मनाची स्थिरता. निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव येतो, हे कोरोनानंतर घराघरात ठाऊक झालं आहे. भांडं काठोकाठ भरलेलं असताना आणखी ओतून काय होणार? कुवलयानंदांना ते ऑक्सिमीटर नसताना दिसलं होतं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. सर्वांगासनानं थायरॉइड ग्रंथी सुधारते, अमुक आसनानं तमुक ग्रंथीला रक्त मिळतं, अशी बरीच विधानं त्यांच्या पुस्तकांत आहेत आणि त्यांना आकड्यांचा आधार नव्हता. ग्रंथीतून येणारे स्राव रक्तात मोजण्याची सोयच तेव्हा नव्हती. प्रयोगाला माणसं थोडी, तीही बहुधा आश्रमातली सरावलेली मुलं. ज्यांना योग दिला नाही अशांचा वेगळा गट ठेवून तुलना करण्याची पद्धत वैद्यकातही नीट रुळली ती १९४८ च्या क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर. त्यामुळे त्यांच्या दाव्यांपेक्षा मला त्यांच्या सूचना जास्त मोलाच्या वाटतात. त्यांच्या ‘आसने’ या पुस्तकात कान वाहत असलेल्यांनी, हृदय कमजोर असलेल्यांनी शीर्षासनासारखी आसनं करू नयेत, रक्तदाब ठरावीक आकड्यापलीकडे असेल त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर योग करू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शेकडो माणसांना एकाच मैदानात एकच व्यायाम सांगणाऱ्यांनी हे पान आधी वाचावं.

१९३२ मध्ये त्यांनी मुंबईत शाखा काढली. ती पुढे चर्नी रोडजवळ समुद्रासमोर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र म्हणून स्थिरावली. तिथं रुग्ण येऊ लागले: बद्धकोष्ठाचे, निद्रानाशाचे, आणि दम्याचे. केरळहून अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गेलेले के. टी. बेहानन लोणावळ्याला येऊन राहिले, शिकले, परत जाऊन स्वतःवर मोजमापं केली आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९६१ मध्ये लोणावळ्यात यौगिक रुग्णालय उघडलं. जुनाट आजारांचे रुग्ण तिथं राहून उपचार घेत आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या जात. दमा हा त्यातला एक मुख्य आजार होता. कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी वारले. दम्यावरच्या यौगिक उपचारांचा अहवाल ‘योगमीमांसे’त १९६७ मध्ये आला, तो पाहायला ते नव्हते.

आता तारखांकडे डॉक्टरच्या नजरेनं पाहू. १९६६ पर्यंत दम्याच्या रुग्णाला काय मिळत होतं? अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, एफेड्रिनच्या गोळ्या, अमायनोफायलिन, आणि पन्नाशीच्या दशकानंतर पोटातून घ्यायचं स्टिरॉइड, त्याच्या सगळ्या दुष्परिणामांसह. साल्ब्युटामॉल बाजारात आलं १९६९ मध्ये. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ घेतो तो पंप, १९७२ मध्ये. म्हणजे कुवलयानंदांच्या हयातीत दमा रोज आटोक्यात ठेवणारं सुरक्षित औषध जवळजवळ नव्हतंच. त्या काळी दमेकऱ्याला नेती, आसनं आणि संथ श्वसन शिकवणं म्हणजे रिकाम्या हातात काहीतरी देणं होतं. आज तोच योग हातातला पंप काढून घेऊन दिला, तर हिशेब पार बदलतो.

कारण दम्यात तीन गोष्टी घडतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतल्या अस्तराला सूज येते आणि चिकट कफ साचतो. भीतीनं, घाईनं श्वास भरभर घेतला की धाप आणखी वाढते. संथ श्वसनाचा सराव असलेला माणूस घाबरत नाही, श्वास लांबवतो, त्याला बरं वाटतं. हे बरं वाटणं खरं असतं. पण अस्तराची अ‍ॅलर्जीची सूज तिथंच राहते. ती उतरवतो तो रोजचा पंप. तो थांबवला की सूज लगेच दिसत नाही, काही आठवड्यांत गुपचूप वाढते. आमच्या त्या शेतकऱ्याला शिबिरानंतर दोन महिने ठीक वाटलं आणि मग एका पहाटे काही चालेना, ते यामुळे. शिवाय दम लागलेला असताना कपालभाती-भस्रिकेसारखं जोरात श्वसन केलं तर कोरडी गार हवा नलिकांवर आदळते आणि त्या अधिक आवळतात. धाप चालू असताना ते करूच नये.

कुवलयानंदांनंतर या विषयाची तपासणी पुढे गेली. १९८५ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी त्रेपन्न दमेकऱ्यांना योग शिकवला आणि वय, आजाराची तीव्रता जुळणाऱ्या तितक्याच रुग्णांशी त्यांची तुलना केली. योग करणाऱ्यांचे झटके आणि औषधांची गरज कमी झाली. १९९० मध्ये जयपूरच्या एका डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये सौम्य दम्याच्या अठरा रुग्णांना श्वास सोडायला दुप्पट वेळ लागेल असं छोटं उपकरण दिलं, आणि तुलनेसाठी तसंच दिसणारं खोटं उपकरण. खऱ्या उपकरणानं श्वासनलिकांची चिडण्याची प्रवृत्ती कमी झाली, फुप्फुसांच्या ताकदीत मात्र ठळक फरक दिसला नाही. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात पंधरा चाचण्या आणि १,०४८ रुग्ण एकत्र पाहिले गेले. लक्षणं आणि रोजचं जगणं यात थोडी सुधारणा होते, फुप्फुसांच्या क्षमतेवर आणि औषध कमी होण्यावर परिणाम अनिश्चित, असा त्याचा अर्थ. थोडी सुधारणा म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. रात्री झोप लागणं, पायऱ्या चढताना न घाबरणं हे रुग्णाला फार असतं.

अ‍ॅलर्जीच्या सर्दीचंही असंच. जलनेतीची आमच्या काही डॉक्टर मंडळींनी एकेकाळी टिंगल केली. आता कान-नाक-घसा तज्ज्ञ मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगतात, कारण नाकात चिकटलेले परागकण आणि धूळ त्यानं निघून जाते. पुरावा फार भक्कम नसला तरी अपाय कमी आहे. एकच अट, पाणी उकळून गार केलेलं हवं. विहिरीचं, टाकीचं, नळाचं पाणी थेट नाकात घालू नये. त्यातला एक सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हा आजार अगदी विरळा, पण झाला तर बहुतेक वेळा जीवच जातो. अर्धा लिटर पाण्याला पाऊण चहाचा चमचा मीठ पुरतं.

माझे काही रुग्ण विचारतात, की तुम्ही ॲलोपॅथीवाले असून योगवाल्याचं कौतुक का करता. कुवलयानंदांकडून मी आसन एकही शिकलो नाही, माझे गुडघेही आता साथ देत नाहीत. मी घेतली ती मोजण्याची सवय. कोणतीही पॅथी असो, रुग्णाला मी दोन गोष्टी विचारायला सांगतो: यात काय आहे, आणि फरक कसा मोजणार. पुडीवाल्याकडे दोन्हींचं उत्तर नसतं.

त्या शेतकऱ्याला घरी सोडताना आम्ही पीक फ्लो मीटर दिलं. प्लास्टिकची नळी, जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि श्वास किती जोरानं बाहेर पडतो ते आकड्यात कळतं. पंप रोज घ्यायचा, प्राणायामही करायचा, आणि सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहायचा, असं ठरलं. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली काटा उतरू लागला की यायचं, पन्नास टक्क्यांखाली गेला तर तडक यायचं, मग रात्र असो वा बाजारचा दिवस.

पुढच्या महिन्यात तो वही घेऊन आला. शंभर पानी वही, मुलाच्या शाळेतली असावी. तीन रकाने आखलेले: तारीख, आकडा आणि शेरा. शेऱ्यात एके ठिकाणी पाचट पेटवल्याची नोंद होती आणि त्याच दिवशी आकडा खाली आला होता. पुढच्या वर्षी पाचट न जाळता शेतातच कुजवायचं त्यानं ठरवलं होतं. प्राणायामाच्या दिवसांवर त्यानं बरोबरची खूण केली होती, आणि पंपाची एकही खूण सुटलेली नव्हती.